भिंतीतला रंधा

माझ्या काकांना इस्पितळात सगळे 'कानमोजे' म्हणत. हातमोजे, पायमोजे, तसे कानमोजे. हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण काकांना ते मनापासून आवडायचं. "बरोबरच आहे की," ते म्हणायचे, "मी कानच मोजतो."

एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. तळमजल्यावरच्या लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांची खोली होती आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. तिचं दार जाडजूड, भिंतींना आतून स्पंज. तपासायला आलेल्या माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं. काका काचेच्या अलीकडे बसून एकेक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं. शेवटी कागदावर दोन रेघा तयार व्हायच्या, उजव्या कानाची लाल आणि डाव्याची निळी.

त्या काचेतून काकांनी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. कारखान्यातले काही जण चांगलं ऐकू येत असून ठार बहिरे व्हायचे, हलकं काम मिळावं म्हणून. म्हातारी माणसं नेमकी उलटी. आवाज सोडलेलाच नसायचा आणि हे आपले बटण दाबत सुटलेले, सोबत आलेल्या मुलासमोर शोभा नको म्हणून. काका कुणावर चिडायचे नाहीत. पुन्हा पुन्हा तपासायचे आणि खरी रेघ काढूनच माणसाला सोडायचे. "माणसाला वाटतं एक आणि असतं एक," ते मला सांगायचे. "वाटणं ज्याचं त्याच्यापाशी. असणं कागदावर."

मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. त्या शहरातल्या एका छापखान्यात मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं होतं. माझी सकाळपाळी असे, त्यामुळे दुपारी मी घरी. काका संध्याकाळी यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू घरीच शिवणकाम करायची. लोकांचे सैल झालेले, तोकडे झालेले कपडे अंगाबरोबर करून द्यायची. तिसऱ्या मजल्यावरचं घर, पुढे बसायची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे एक खोली, जिच्यात कपाटं आणि नको असलेलं सामान. दुपारचं ऊन फक्त त्या मागच्या खोलीत यायचं.

मी गेले त्याच्या आदल्या वर्षी काकूचे वडील वारले होते. ते सुतार होते. काकू त्यांना अण्णा म्हणायची. लहानपणी अण्णा फळी रंधायला घेत तेव्हा दुसरं टोक धरून उभं राहायचं काम हिचं. शेवटच्या आजारात अण्णांनी शेजाऱ्याकडून फोन करवला होता, "एकदा येऊन जा, कपाटाचं दार बसवायचं राहिलंय, तू धर." त्यांना तेव्हा अंथरुणावरून उठवतही नव्हतं. काकूच्या हातात लग्नघरचे कपडे होते. ती म्हणाली, एवढे देते आणि निघते. बारा दिवसांनी ती पोचली तेव्हा शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं.

एके दिवशी दुपारी जेवता जेवता तिनं विचारलं, "शेजारी सुतार लागलाय का गं?"

मी कान दिला. काही नव्हतं.

"रंधा चालू आहे. झ्श्श... झ्श्श... लांबून येतोय."

शेजारी बसचे निवृत्त वाहक राहायचे. त्यांनी आयुष्यभर उभं राहून काम केलेलं, त्यामुळे आता ते बसल्या जागेवरून हलत नसत. तरी मी त्यांचं दार वाजवलं. खाली विचारलं, वर विचारलं. सुतार कुणाकडेच नव्हता. काकू म्हणाली, "असेल बाई कुठेतरी." पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज तेच. आठवडाभरानं तिनं काकांना सांगितलं.

काकांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी इस्पितळातून आवाज मोजायचं यंत्र आणलं. रविवारी दिवसभर ते घरभर हिंडत होते, फ्रीजपाशी, पाण्याच्या नळापाशी, मागच्या खोलीतल्या भिंतीपाशी. वहीत वेळ आणि आकडे. काकू एका जागी बसून सांगायची, "आत्ता येतोय," आणि काका यंत्राकडे बघून लिहायचे, "चौतीस. फ्रीज." संध्याकाळी वही मिटून म्हणाले, "घरात आवाज नाही. आता कान बघू."

सोमवारी ते तिला घेऊन गेले. लाल रेघ सरळ, निळी रेघ सरळ. काकांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यांना आनंद झाला होता. "विशीतल्या मुलीचे कान आहेत तुझे!"

काकूनं कागद उलटा सुलटा करून पाहिला. "मग मला ऐकू येतं ते काय?"

"ते तुला ऐकू येत नाही. तुला वाटतं."

"अहो, वाटत नाही. येतं."

"अगं, घरात नाही, कानात नाही. मग येणार कुठून? अण्णांची आठवण आहे ती. होतं असं माणसाला."

ते हळुवारपणेच म्हणाले, पण काकूचा चेहरा मिटला. कागदाची घडी घालून तिनं तो शिवणाच्या डब्यात ठेवला.

दोन-तीन दिवसांनी मी कामावरून आले तर ती मागच्या खोलीत उभी होती, भिंतीकडे तोंड करून. मला बघताच तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता.

"तू तरी खरं सांग. तुला येतंय ना?"

मी ऐकलं. रस्त्यावरची एक गाडी, कुणाच्या तरी घरातली भांडी. बस्स. काकूच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मला नाही म्हणवेना.

"हो," मी म्हणाले. आणि खरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, "बारीक येतंय."

तिनं माझं मनगट सोडलं. तिच्या खांद्यांवरून कुणीतरी पोतं उतरवावं तशी ती खाली बसली. "म्हटलं ना मी. तुझ्या काकांना नको सांगूस. त्यांच्या कागदात ते बसायचं नाही."

त्यानंतर तिनं तक्रार करणं थांबवलं. काकांना वाटलं, आलेखानं काम केलं. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "आकडा समोर ठेवला की अर्धा आजार पळतो." मी मान डोलावली. त्या घरात मी एकाच वेळी दोघांना खोटं बोलत होते आणि दोघंही माझ्यावर खूश होते.

काकूनं शिवणयंत्र मागच्या खोलीत हलवलं. दुपारी ती तिथंच शिवत बसायची. मध्येच पाय थांबवायची, मान कलती करून ऐकायची, मग पुन्हा यंत्र चालू. जणू दोन कारागीर एका छपराखाली काम करताहेत आणि एकमेकांचा खोळंबा होऊ देत नाहीत. मला सांगायची, "आज ओलं लाकूड दिसतंय, रंधा अडखळतोय." किंवा, "मी जिना चढून आले ना, तर केवढी घाई चाललीय अण्णांची! दम खा म्हणावं." एकदा डाव्या कानामागे बोटं दाबून म्हणाली, "नीट ऐकायला असा हात लावला की थांबतात बघ. मी ऐकतेय हे त्यांना कळतं. हात काढला की परत सुरू."

हे सगळं ती मला सांगत होती, कारण मला ऐकू येत होतं. मी कुणाला सांगणार?

खोलीचा मला धसका बसला. एकदा केर काढताना कपाटाखालून लाकडाची वळलेली ढलपी निघाली आणि माझ्या हातून केरसुणी गळून पडली. वाकून पाहिलं तर अस्तराची गुंडाळलेली पट्टी होती. दुसऱ्या एका दुपारी काकू कपडे पोचवायला गेली असताना मी भिंतीला कान लावून पाव तास उभी राहिले. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, माझं 'हो' खरं ठरलं असतं. पण माझंच रक्त कानात धडधडत होतं, दुसरं काही नाही. मी वळले तर काकू दारात उभी. किती वेळची उभी होती देव जाणे. ती हसली. एखाद्या घरच्या माणसानं दुसऱ्या घरच्या माणसाकडे बघून हसावं तशी.

दीड वर्ष असं गेलं.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आधी सकाळचं, मग दिवसभर. सुईत दोरा ओवताना तिला दोन सुया दिसायला लागल्या. एका गिऱ्हाइकाची बाही तिनं उलटी जोडली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. काका घाबरले. इस्पितळात नव्यानं आलेल्या एका डॉक्टरीणबाई होत्या, मेंदूच्या विभागातल्या, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो.

बाईंनी डोळे तपासले, हातपाय तपासले, आणि विचारलं, "कानात काही आवाज वगैरे?"

"कान मी स्वतः तपासलेत," काका म्हणाले. "नॉर्मल आहेत. फाइलमध्ये आलेख आहे."

"मी त्यांना विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं.

काकूनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. मान खाली घालून म्हणाली, "येतो. रंध्याचा."

"सारखा? की ठोक्याठोक्यानं?"

"रंधा सारखा कसा चालेल? पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो."

"कधी वाढतो? कधी थांबतो?"

काकूनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलले. जिना चढल्यावरची घाई, कानामागे बोटं दाबली की थांबणं, सगळं. बोलता बोलता मला काकांचा चेहरा दिसला. तो पांढरा पडत चालला होता. त्यांना या गोष्टींचा अर्थ माझ्या आधी कळला होता.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप घेतला आणि त्याचं टोक काकूच्या डाव्या कानामागे, हाडावर टेकवलं. त्यांनी श्वास रोखला. आम्हीही. मग त्यांनी आपल्या कानातल्या नळ्या काढून काकांपुढे धरल्या.

"ऐका."

काकांनी नळ्या कानात घातल्या. ते ऐकत राहिले. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं, एक म्हातारा खोकत होता. काकांनी हळूच स्वतःचा हात काकूच्या खांद्यावर ठेवला आणि तरीही ऐकतच राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला स्पर्श केला तेव्हा त्यांनी नळ्या काढल्या. आणि माझ्या हातात दिल्या.

झ्श्श... झ्श्श... झ्श्श...

कुणीतरी सावकाश, मन लावून फळी साफ करत होतं. लाकडाच्या रेषांवरून पातं सरकावं तसा आवाज, सुरुवातीला जड आणि शेवटी हलका. मी थरारले. आणि तोंडातून निघून गेलं, "अगं बाई, असा असतो होय!"

काकूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

त्याच दिवशी मेंदूचे फोटो काढले आणि ते समोर धरून डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. बरेचसे आवाज ज्याचे त्यालाच येतात, दुसऱ्याला ऐकूच येत नाहीत. काही थोडे असे असतात की बाहेरच्यालाही येतात, पण त्यासाठी नेमक्या जागी कान लावावा लागतो. मेंदूच्या आवरणात एक रक्तवाहिनी भलतीकडेच जोडली गेली आहे, रक्त तिथून जोरानं घुसतंय, त्याचा हा आवाज. म्हणून ठोक्याबरोबर. म्हणून चढल्यावर जलद. मांडीतून बारीक नळी घालून ती जोडणी बंद करता येते. करायलाच हवी, नाहीतर कधी फुटेल सांगता येत नाही.

"बंद केली की आवाज?" काकूनं विचारलं.

"थांबेल."

"मग नको," काकू म्हणाली.

घरी आल्यावरही तिचं तेच. काका दोन दिवस तिच्यामागे होते. फोटो दाखवले, कागद दाखवले. ती म्हणायची, "एकदा बोलावलं तेव्हा गेले नाही. आता ते इतक्या लांबून आलेत, तर मीच दार लावून घेऊ?" मला वाटलं आता काका म्हणतील, अण्णा नाहीत गं, ते रक्त आहे. एरवी तेच म्हणाले असते. तिसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मी दाराबाहेर होते.

"मी ऐकलं," ते म्हणाले.

"काय ऐकलंत?"

काकांनी तिच्या डाव्या कानामागे बोट टेकवलं. मग म्हणाले, "रंधा."

काकू रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मला खोटं ठरवलंत तुम्ही."

"हो."

"यंत्र घेऊन भिंती मोजत बसलात. माझ्या डोक्याला कान लावला नाहीत."

"नाही लावला."

त्यांनी सबब सांगितली नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "तू गेलीस तर मी कुणाला विचारू, आज लाकूड कसलं आहे म्हणून?" ओल्या लाकडाचं त्यांना कसं ठाऊक, याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं, सुटीच्या दुपारी ते भिंतीपलीकडून कधीमधी आमचं बोलणं ऐकत असायचे, पण तेव्हा ते त्यांनी आपल्या वहीत धरलं नव्हतं.

ती तयार झाली. इस्पितळात न्यायच्या दिवशी सकाळी काका स्टेथोस्कोप घेऊन तिच्या उशाशी बसले. आळीपाळीनं दोघंही ऐकत होते. तिनं नळ्या कानात घातल्या की तिला आपलाच आवाज बाहेरून यायचा आणि ती लहान मुलीसारखी बघत राहायची. गाडी आली तेव्हा तिनं स्वतःच नळ्या गुंडाळून ठेवल्या.

सगळं नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर तिनं कानामागे बोटं दाबली, काढली, पुन्हा दाबली. "गेले," म्हणाली. डोकेदुखी गेली, दोन सुयांची एक सुई झाली. शिवणयंत्र पुन्हा पुढच्या खोलीत आलं. मागच्या खोलीत पुन्हा सामान साठलं.

बदलले ते काका. आत बसवण्याआधी ते आता प्रत्येकाला विचारायचे, "तुम्हाला काय ऐकू येतं?" आणि उत्तर जसंच्या तसं आलेखाच्या कडेला लिहायचे. कानात कढई तापलीय. मेलेला भाऊ शीळ घालतो. समोरचा बोलतो पण शब्दांना कडा नाहीत. बोळातली रांग लांबली, वरून समज मिळाली, पुढे लेखी पत्रही आलं. काकांनी पत्राचा स्वीकार केला आणि तसंच चालू ठेवलं. निवृत्त होईपर्यंत त्यातून एकच बाई निघाली, जिच्या कानामागे खरोखर आवाज होता. "एकतीस वर्षांत दोन," ते म्हणायचे. "आणि पहिल्या वीस वर्षांत मी किती जणींना घरी पाठवलं असेल, ते कोण मोजणार?" दुपारी बसल्या बसल्या ते दचकायचे. डोळ्यांसमोर जुने चेहरे यायचे, काचेपलीकडचे, हातात बटण धरलेले. त्यांना नावं आठवत नसत, कानच आठवत.

काकूनं मला कधी बोल लावला नाही. पण दोन-तीन महिन्यांनी, मी कपडे वाळत घालत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"तुला येत नव्हतं ना ऐकू?"

मी चिमटा हातात धरून उभी. "नाही."

"मग का म्हणालीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

तिनं दोरीवरच्या ओल्या कपड्याची सुरकुती ओढून सरळ केली. "त्यांना आलं नाही, ते नाही म्हणाले. मला राग आला, पण त्यांच्याशी भांडता येत होतं. मी भांडत राहिले असते. आणखी कुणाकडे गेले असते. तू हो म्हणालीस आणि मी थांबले." मग अगदी हळू म्हणाली, "दीड वर्ष मला वाटलं, आम्ही दोघी आहोत. मी एकटीच होते की."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली आणि बादलीतला पुढचा कपडा उचलून माझ्या हातात दिला.

पुढच्या वर्षी मी दुसरीकडे खोली घेतली. काका निवृत्तीनंतर सात वर्षांनी गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. काकू अजून आहे. डोळे चांगले आहेत, हात स्थिर आहे. मी महिन्यातून एकदा जाते. ती चहा करते, माझी चौकशी करते, प्रेमानं करते. शेजारच्या वाहकांची सून येते, काकू तिला नवा बेतलेला झगा घालून दाखवते, मागून पुढून वळते, "कुठे ओढल्यासारखा होतोय का बघ गं," म्हणून विचारते. मी तिथेच बसलेली असते. मला विचारत नाही.